समृद्धीवरून मधेच उतरा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाडीने काश्मीरला जायचा लेख आला होता, त्यात पहिल्या दिवशी नाशिक ते मध्य प्रदेशातलं शिवनी एका दमात मारा असं लिहिलंय, समृद्धी महामार्ग आहे ना मग काय! तो लेख आमच्या ह्यांनी कापून फ्रिजवर लावला आणि त्यावरून एक्सेल पण बनवलं, म्हणून हे पत्र. आज आमचा चौथा दिवस, झाशीच्या लॉजवर बसून मोबाईलवर टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पहाटे साडेचारला निघालो. वॅगनआर आठ वर्षं जुनी, दोघंही चालवतो, ह्यांना साठ पूर्ण आणि मला सत्तावन्न. सिन्नरजवळ समृद्धीवर चढलो आणि पहिला तासभर नुसतं कौतुक चाललेलं, खड्डा नाही, सिग्नल नाही, आडवी येणारी म्हैस नाही, स्टेअरिंग हलवायचं पण काम नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. संभाजीनगरच्या पाट्या मागे गेल्या तेव्हा मी म्हटलं अहो, मावशींना फोन करू का, परतीच्या वेळी येतो म्हणून. उत्तर नाही. परत विचारलं तर म्हणे संभाजीनगर अजून कुठे आलंय. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर, काटा 110 वर आणि माणूस जागेवर नाही! झोप आली नव्हती हो, एकसुरी रस्त्याने डोकं बंद पडतं, रोड हिप्नोसिस म्हणतात ते, मी वाचलेलं होतं पण शेजारच्या सीटवरून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. बरं, गाडी कडेला लावून तोंड धुवा म्हणावं तर तेही धोक्याचंच, मागून सगळे शंभरच्या पुढेच येतात.

मग जालन्यापर्यंत आम्ही भांडलो. भांडणाने निदान हे जागे राहिले.

मी म्हटलं सिंदखेडराजाला उतरायचं म्हणजे उतरायचं. ह्यांचं म्हणणं, टोल वाया जाईल. तर कसला वाया! समृद्धीवर जेवढं अंतर तेवढाच टोल, बाहेर पडताना कापला जातो, परत चढलात की तिथून पुढचा. ही एवढी साधी गोष्ट लेखात असती तर निम्मं भांडण वाचलं असतं. तसंच 2025 मध्ये तीन हजारांना सुरू झालेल्या त्या फास्टॅग वार्षिक पासचं, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, आम्ही तो हौसेने काढला पण तो राष्ट्रीय महामार्गांना चालतो, समृद्धी राज्याची, तिथे नाही चालत. नागपूरच्या पुढे मात्र उपयोग झाला.

सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान बघितलं, लखुजी जाधवांची समाधी केवढी मोठी आहे, मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला पण ती एवढी असेल असं वाटलं नव्हतं. तिथून लोणार. उल्का आदळून झालेलं जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर, तेही आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये, आणि खाली ते खारट सरोवर, 2020 साली गुलाबी झालं होतं तेच. हे कठड्यावर अर्धा तास गप्प बसले. मग स्वतःच म्हणाले, मुक्काम इथेच करू. एक्सेलची पहिली ओळ तिथेच खलास.

दुसऱ्या दिवशी मेहकरहून परत समृद्धी, दर दीड तासाला ड्रायव्हर बदलायचा असा ठराव करून. नागपूरला उतरून तर्री पोहे आणि झोप. बाथरूमचं लिहीत नाही, बायकांना माहीत आहे, पुरुषांना सांगून उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी 44 नंबरचा हायवे. मनसर ते खवासा पेंचच्या जंगलात रस्ता वर उचललाय आणि जनावरांना खालून जायला नऊ वाटा ठेवल्यात, सगळ्यात मोठी 750 मीटरची. कॅमेऱ्यात वाघसुद्धा टिपलेत खालून जाताना. ह्यांनी गाडी हळू करून वाघ बघायचा फार प्रयत्न केला पण आवाज आणि उजेड अडवायला भिंती घातल्यात, दिसणार काय, कपाळ! वाघाला आपण दिसू नये म्हणूनच आहेत त्या. पुढे बरमानला नर्मदा ओलांडली, पुलाच्या पुढे थांबून हात जोडले आणि संध्याकाळी सागरला मुक्काम. सागर म्हणजे पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांचं, मूळचे खेर, पानिपतच्या जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले. त्यांच्या किल्ल्यात आता पोलीस अकादमी आहे. तिथली चिरौंजीची, म्हणजे चारोळीची, बर्फी नक्की खा, मी अर्धा किलो घेतली होती, झाशी येईपर्यंत चार वड्या राहिल्यात आणि कोणी खाल्ल्या ते सांगत नाही.

आज सकाळी झाशीच्या किल्ल्यावर कडकबिजली तोफ बघितली, मग ज्या गणपतीच्या देवळात 1842 साली राणीचं लग्न लागलं तिथे गेलो. पुजाऱ्यांनी कुठून आलात विचारलं, नाशिक म्हटल्यावर त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, इतक्या लांब गाडी एकट्याने चालवलीत? हे म्हणाले, आज तर हिनेच आणलीय. चार दिवसांतलं सगळ्यात चांगलं वाक्य.

तर संपादकसाहेब, पुढच्या पुरवणीत तेवढं लिहा की पहिले तीन-चार दिवस तीनशे-साडेतीनशेच्या वर जाऊ नका, आणि समृद्धीवर कुठे उतरलं तर काय बघायला मिळतं त्याची एक चौकट टाका. एक्सेलप्रमाणे आज रात्री आम्ही श्रीनगरला दल सरोवरावर असायला हवं होतं. उद्या ग्वाल्हेर, शंभर किलोमीटर, नाश्ता करून निघू.

आपली एक वाचक,
नाशिक (सध्या मुक्काम झाशी)