शक्कर तलाव आणि आपली खारी विहीर

ता. अकोट, जि. अकोला
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय गजा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. पोरांना सुट्टीत किल्ला दाखवायचा म्हणतोस, आणि वर लिहितोस, "आपल्याकडं काय हाय बे, नरनाळ्यावर नुसते पडके दगड." खोटं कशाला बोलू, राग आला. दोन दिवस उत्तराला हात लावला नाही. मग वावरात शीतादही (कपाशीच्या पहिल्या वेचणीची पूजा) झाली, वेचायला बाया लागल्या, त्यात दिवस गेले. पण तुझं वाक्य काही डोक्यातून जाईना. शेवटी मागच्या रविवारी मोटारसायकल काढली आणि एकटाच गडावर जाऊन आलो.

आठवीत गेलो होतो तेव्हाचं तुला काय आठवतं? मला नवगजी तोफ आठवते आणि तिच्यावर बसायला झालेली मारामारी. परत येताना तुझी चप्पल तुटली होती. बस्स. तीस वर्षं आपण त्या आठवणीवर "नरनाळा पाह्यला" म्हणत आलो. तुझ्या पुण्याच्या गडांवर महाराजांचं नाव आहे, त्यामुळे तिथला प्रत्येक दगड पोरांना आधीच ओळखीचा वाटतो. आपल्या गडावर ते नाव नाही, म्हणून आपण तो वाचलाच नाही, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर सांग.

शहानूरला वनखात्याच्या फाटकावर नाव लिहून आत गेलो. आता तो सगळा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे, संध्याकाळी थांबू देत नाहीत. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, पण मी गाडी खाली लावली आणि जुन्या वाटेनं चढलो. आधी शहानूर दरवाजा, मग मेहंदी दरवाजा, मग महाकाळी. तिखाडी गवताचा वास सगळीकडं भरलेला. दम लागला, दोनदा बसलो. आता आपलं वय तोफेवर चढायचं राहिलं नाही.

महाकाळी दरवाजापाशी मात्र मी तासभर थांबलो. काळ्या दगडाच्या मुलखात हा एवढा फिका वालुकाश्म, त्यावर कमळं, बाजूला पुढं आलेले जाळीदार सज्जे, आणि कमानीवर अरबी-फारसी अक्षरांच्या पट्ट्या. आठवीत आपण याच्या खालून पळत गेलो होतो! शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव आहे, फतहउल्ला इमाद-उल-मुल्क, साल हिजरी ८९२, म्हणजे इ. स. १४८७. तेव्हा बिदरला बहमनी सुलतान महमूदशहा गादीवर होता आणि फतहउल्ला वऱ्हाडचा सुभेदार. तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरची इमादशाही सुरू झाली.

आता हा माणूस कोण, ते ऐक. फरिश्ता हा जुना इतिहासकार सांगतो की तो मूळचा विजयनगरकडचा, कानडी हिंदूच्या घरात जन्मलेला. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सेनापतीच्या हाताखाली मुसलमान म्हणून वाढला. चिखलदऱ्याला गाविलगडावर दिल्ली दरवाजा आहे ना, तोही त्यानंच बांधलेला. त्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, चोचीत आणि पंजात हत्ती धरलेला. गंडभेरुंड. विजयनगरकडचंच चिन्ह ते. लहानपणी सुटलेलं घर त्यानं दगडात काढून ठेवलं की पाथरवटानं आपल्या मनानं काढलं, कोण सांगणार? मला पहिलं खरं वाटतं. पुरावा मागू नको.

गड त्याच्याही आधीचा आहे. बहमनी अहमदशहानं १४२५ च्या सुमारास इथं येऊन डागडुजी केली आणि त्याच सुमारास गाविलगड उभा केला. म्हणजे नरनाळा तेव्हाच जुना होता. खरं तर हे तीन किल्ले आहेत एकमेकांना लागून, मधला नरनाळा, एका अंगाला जाफराबाद आणि दुसऱ्या अंगाला तेलियागड. पुढं अकबराच्या राज्यात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारला (तेव्हाच्या जिल्ह्याला) याच गडाचं नाव होतं. म्हणजे आपला सगळा मुलूख सरकारी कागदावर "नरनाळा" होता, अकोला नव्हे. हे तुझ्या पोरांना नक्की सांग.

पण गजा, मी तुला हे पत्र दरवाजासाठी लिहीत नाही. पाण्यासाठी लिहितोय.

वर पोचलो तेव्हा माझी बाटली संपली होती. (चूक माझीच, घरून निघताना अर्धीच भरली.) बरोबर शहानूरचा एक कोरकू गाइड होता, त्यानं स्वतःची दिली. समोर शक्कर तलाव. पाणी भरलेलं, काठाला साग आणि बांबू, पलीकडं वानरं. त्याला विचारलं, उन्हाळ्यात आटतो का? म्हणाला, "हा नाय आटत भाऊ, बाकीचे आटते." मी काठावर बसलो आणि खाली दक्षिणेकडं पाहिलं. धुरकट सपाट मैदान, आपला खारपाणपट्टा.

तुला आठवते ना आपली विहीर? पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, वरण शिजत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, त्यातलं भूजलच खारट. म्हणून हातभर अंतरावर पाणी असून आपली तूर-कपाशी पावसाच्या भरवशावर. पिण्याचं पाणी वान धरणातून नळानं येतं तेव्हा येतं. आणि तिथं वर, ९०० मीटरहून उंचावर, पठारावरच्या प्रत्येक खोलगट जागेला बांध घालून तलाव केलेले. पाऊस काळ्या खडकावर पडतो, खाली खाऱ्या गाळाला शिवायच्या आधीच अडवलेला. एकाचं भरलं की दुसऱ्यात. दगडी छत घातलेल्या कमानीच्या टाक्याही आहेत. लोक त्यांना तेला-तुपाच्या टाक्या म्हणतात. असतीलही, पण एवढं तूप कोण खात होतं बे? मला तरी त्या पाण्याच्याच वाटतात. छत असलं की उन्हाळ्यात वाफ कमी.

१५७४ मध्ये अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा चालून आला, तेव्हा हाच गड शेवटपर्यंत लढला. वऱ्हाडचा कारभार बळकावून बसलेल्या तुफालखानानं आपला धनी बुऱ्हाण इमादशहा याच गडावर कोंडून ठेवला होता. तुफालखानाचा मुलगा शमशेर-उल-मुल्क गाविलगडावर. शेवटी फितुरीनं नरनाळा पडला, गाविलगडही गेला आणि इमादशाही तिथंच संपली. पाणी होतं, पण पाण्यानं फितुरी थांबत नाही.

भोसल्यांच्या काळाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पत्र संपायचं नाही. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला आपल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, उभ्या ज्वारीतून इंग्रजांची पलटण आली. तिथून त्यांच्या सेनापती वेलस्लीनं गाविलगड गाठला आणि १५ डिसेंबरला घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह. त्यात नरनाळा आणि गाविलगड रघुजी भोसल्यांकडेच राहिले. बैलगाडी भरून ज्वारी न्यायचो ना आपण त्या रस्त्यानं? तोच रस्ता.

हो, वाघसवार वलीची कबरही पाहिली. माय सांगायची, कुत्रं चावलं की लोक तिथं जात. तुला चावलं तेव्हा काकाजींनी तुला तिथं नेलंही आणि दवाखान्यात पोटात चौदा सुयाही टोचवल्या. कशानं बरा झालास ते तूच ठरव.

तर ये. वहिनींना आणि पोरांना घेऊन पौषात ये, तोवर हरभऱ्याला घाटे धरतील, हुरडाही होईल. मुक्काम आमच्याकडं. फक्त एक ऐक. गडावर जायच्या आदल्या दिवशी पोरांना आपल्या विहिरीचं एक एक घोट पाणी पाजू. थुंकतील, थुंकू दे. दुसऱ्या दिवशी शक्कर तलावाच्या काठी बसवू, मग तू बोल दगडांबद्दल.

बाटल्या मी भरून ठेवतो, या वेळी पूर्ण.

तुझा,
पंजू