लिलावाआधी ठेवीदारांची यादी मराठीतही लावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठेवीदारांना बुडवणाऱ्या कंपनीची जमीन जप्त झाली, आता न्यायालयाच्या देखरेखीखाली लिलाव होणार, अशी बातमी आली की खानापूर, निपाणी, चिकोडीकडे सगळे एकच विचारतात, ‘पैसे कधी?’ ‘यादीत माझे नाव आहे का?’ असे विचारणारा विरळाच. रुपयामागे किती पैसे हाती येणार हे लिलावावर ठरते खरे, पण ते कोणाच्या हाती येणार हे दावेदारांच्या यादीवर ठरते. सीमाभागात सगळा घोळ होतो तो याच यादीत.

कर्नाटकात २००४ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. सरकार जप्तीचा आदेश काढते आणि सक्षम प्राधिकारी नेमते. हा प्राधिकारी विशेष न्यायालयात अर्ज करून जप्ती कायम करून घेतो. त्याआधी विक्री नाही. कंपनीचे म्हणणे, तारणावर कर्ज दिलेल्या बँकेचे म्हणणे, शिवाय ‘जमीन माझी आहे’ म्हणत मध्येच उगवणारा तिसरा, या सगळ्यांच्या हरकती ऐकाव्या लागतात. वर्षे जातात ती इथे.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. २०२० ची दुरुस्ती होईपर्यंत भूसुधारणा कायद्याच्या कलम ७९ब मुळे कंपनीला शेतजमीन घेता येत नसे. त्यामुळे जमिनी संचालक, त्यांचे मेहुणे, कधी एजंट यांच्या नावावर घेतल्या जात. अशी जमीनही जप्त करता येते, पण ती ठेवींच्या पैशातूनच घेतली हे दाखवावे लागते. त्यासाठी खरेदीखताची तारीख आणि त्या सुमारास कंपनीच्या खात्यातून निघालेली रक्कम यांचा मेळ बसवावा लागतो. गावातल्या कोणाला असा सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर तो प्राधिकाऱ्याला लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. मग पहाणीचा (आरटीसीचा, म्हणजे इथल्या सातबाऱ्याचा) ११ नंबरचा रकाना पाहावा. हक्क आणि बोजे तिथे लिहिलेले असतात. जप्तीचा आदेश निघूनही तो रकाना कोरा असेल तर उद्या नवा खरेदीदार उपनिबंधकापुढे उभा राहतो आणि आणखी एक दावा सुरू होतो. सोबत ईसीही (उपनिबंधकाकडचा बोजाचा दाखला) काढून पाहावी.

न्यायालयीन लिलावात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे, बोली ज्याच्या नावावर सुटते त्याने २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची आणि उरलेली १५ दिवसांत. चुकला तर फेरलिलाव. लिलावात गैरप्रकार झाला अशी हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. त्यामुळे बोली सुटली म्हणून दुसऱ्या दिवशी वाटप होत नाही. किंमत कमी का येते, याचे उत्तरही साधे आहे. सर्व्हे नंबरचा एखादा तुकडाच जप्त असतो आणि त्याचा ११ई नकाशा (तुकड्याचा मोजणी नकाशा) झालेला नसतो. शेतजमीन एनए (बिगरशेती) न करताच प्लॉट पाडलेले असतात, त्यातले काही आधीच विकलेले असतात. असली भांडणे कोण विकत घेणार? मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्यावर लिलाव पुकारला तर बोली लावणारे वाढतात.

आता यादी. दावा नाकारला जातो तो बहुतेक वेळा फसवणुकीमुळे नाही, स्पेलिंगमुळे. कंपनी कोल्हापूर-पुण्याकडची असेल तर बाँडवर (ठेवीच्या प्रमाणपत्रावर) ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत ‘डीएनवाय’ने सुरू होते. त्याच माणसाच्या इथल्या आधारवर नाव कन्नडमधून उतरते आणि ‘जेएन’ने सुरू होते. संगणकाला ही दोन माणसे. बाईच्या बाँडवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. अशा वेळी दाव्यासोबतच ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे, हरकत येण्याची वाट पाहू नये.

दुसरी अडचण बँक खात्याची. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली. कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँक झाली. घरात अजून जुनीच पासबुके आहेत. त्यावरचा आयएफएससी पाहून फॉर्म भरला तर पैसे परत जाऊ शकतात. आधी पासबुक बदलून घ्यावे. सहाराच्या ठेवीदारांसाठी जुलै २०२३ मध्ये परताव्याचे पोर्टल सुरू झाले तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खाते ही पहिलीच अट होती. ती जोडणी नसलेल्यांना अर्जच पुढे नेता येईना.

मूळ बाँड एजंटच्या हातात देऊ नये, मग तो जावई का असेना. झेरॉक्स द्यावी. मूळ प्रत फक्त प्राधिकाऱ्याने मागितली तर, अनुक्रमांक लिहिलेल्या पोचपावतीवर द्यावी. पिग्मीच्या मशीनमधल्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढाव्यात. ठेवीदार वारला असेल तर मृत्यू दाखला आणि नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कार्यालयातून) वंशावळ काढून ठेवावी. बाँडवर वारसनोंद असली तरी बाकीचे वारस हरकत घेऊ शकतात. त्यांची संमतीपत्रे आधीच घेतलेली बरी.

हिशेबही समजून घ्यावा. समजा, मान्य दावे ४० कोटींचे आणि खर्च वजा जाता लिलावातून आले १० कोटी. मग रुपयाला २५ पैसे. एक लाखाच्या ठेवीला २५ हजार. आधी उचललेले व्याज बहुधा मुद्दलातून वजा होते. जमिनीच्या नावावर लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने छोट्या दाव्यांपासून टप्प्याटप्प्याने परतावा दिला. छोटा ठेवीदार असा लवकर मोकळा होतो, म्हणून ती पद्धत मला योग्य वाटते.

राहिला सीमेचा प्रश्न. कंपनीची मालमत्ता चंदगड-गडहिंग्लजला असेल तर तिथे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागतो, इथे आपला. प्राधिकारी दोन, न्यायालये दोन, याद्या दोन. निपाणीच्या माणसाने पैसे कोल्हापूरच्या शाखेत भरलेले असतात, तो कोणत्या यादीत? आमचा सल्ला असा की दावा दोन्हीकडे करावा आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दाव्याचा उल्लेख करावा, म्हणजे लपवाछपवीचा आरोप होत नाही. प्राधिकाऱ्यांनीही वाटपाचा दर ठरवण्यापूर्वी याद्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात.

आणि भाषा. दावे मागवणारी नोटीस कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रांत येते, मुदत संपते, आणि मराठी वाचकाला ते लिलावाच्या बातमीतून कळते. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठीतही. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी अशी आहे की नोटीस येथील मराठी दैनिकांतही छापावी, आणि कच्ची यादी ग्रामपंचायतीत नावे इंग्रजी, कन्नड व मराठीत लिहून लावावी. नाव वगळले असेल तर कारणही समोर लिहावे. हरकतीसाठी किमान ३० दिवस द्यावेत, आणि ते जुलैत धरू नयेत. खानापूर भागात तेव्हा माणूस रोप लावणीत गुडघाभर चिखलात असतो.

आपला,
वकिली व्यवसायातील एक वाचक, बेळगाव