गच्चीवरच्या फळ्यांविषयी आई-बाबांना पत्र

पुणे,
१८ फेब्रुवारी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गच्चीच्या पश्चिम बाजूला बसण्यासाठी फळ्या टाकायच्या तर सागवान घ्यावे की डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या कंपोझिट पट्ट्या, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत आणि मी घाईघाईने "कंपोझिटच घ्या" म्हणून मोकळी झाले. त्यावर तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. तुमच्या "बरं"चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

सागवानाची तुम्ही घेतलेली बाजू खोटी नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, हे मी तुमच्याच तोंडून किती वेळा ऐकले असेल. परंतु त्या जहाजासाठी वापरलेले लाकूड जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांच्या गाभ्याचे होते. आज टिंबर मार्केटमध्ये जे सागवान दाखवतात, त्यातले पुष्कळसे लागवडीतल्या, लवकर तोडलेल्या झाडांचे असते आणि त्यात गाभ्याबाहेरचा पांढरट भाग बराच निघतो. वाळवीला आणि कुजीला दाद न देणारी द्रव्ये असतात ती तांबूस गाभ्यात. पांढरा भाग कोणत्याही साध्या लाकडासारखाच कुजतो. रंधा मारून, तेल पाजून उभ्या केलेल्या फळीत हा फरक पटकन नजरेस येत नाही, आणि दुकानदार तो आपणहून दाखवणार नाही.

आता आजोबांच्या वाड्याच्या तुळयांविषयी. जिन्याखाली ठेवलेल्या त्या दोन तुळया अस्सल जुन्या सागाच्या आहेत आणि त्याच चिरून फळ्या काढाव्यात, असे तुमच्या मनात आहे, हे आईने मला सांगितले. मी हिशेब करून पाहिला. जागा बारा फूट बाय आठ फूट, म्हणजे ९६ चौरस फूट. एक इंच जाडीच्या फळ्या धरल्या तरी आठ घनफूट लाकूड लागेल. आपली एकेक तुळई नऊ फूट लांब आणि सहा इंच चौरस, म्हणजे सव्वादोन घनफूट. दोन्ही मिळून साडेचार. त्यातून जुन्या खाचा, खिळ्यांची भोके आणि करवतीत जाणारा भुसा वजा केला, तर जेमतेम तीन घनफूट हाती येईल. उरलेले पाच घनफूट नवे सागवान आणून त्याच्याशी जोडायचे, म्हणजे दोन वर्षांनी जुने लाकूड सपाट राहणार आणि नवे पिळणार. शिवाय आत मोडून राहिलेल्या खिळ्यांमुळे सॉ मिलवाला पाते लावायला कुरकुरेल, ती गोष्ट वेगळीच.

पण माझे खरे कारण लाकडाचे नाही, तुमच्या पायांचे आहे. मधुमेहामुळे तुमच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, असे डॉक्टरांनी मागच्या तपासणीत स्पष्ट सांगितले होते. उघड्यावरचे लाकूड ऊन-पावसात भिजून सुकून वरून करडे पडते, त्याच्या शिरा उचलल्या जातात आणि मग कूस, म्हणजे बारीक टोकदार ढलपी, निघते. मला ती लागली तर मी लगेच ओरडेन. तुम्हाला ती दोन दिवसांनी, मोजा काढताना कळेल. हे टाळायचे असेल तर दर वर्षी पावसाळ्याआधी फळ्या घासून त्यांना तेल लावायला हवे, आणि ते काम तुम्ही दुसऱ्या कोणाला करू देणार नाही, गुडघ्यांवर बसून स्वतःच कराल, याविषयी मला अजिबात शंका नाही.

कंपोझिटचेही दोष आहेत आणि ते मी स्वतः भोगले आहेत. आमच्या बाल्कनीत तीन वर्षांपूर्वी जानेवारीच्या थंडीत पट्ट्या बसवल्या. बसवणाऱ्याने त्या टोकाला टोक भिडवून, भिंतीला घट्ट टेकवून लावल्या आणि "बघा, कुठे फट नाही" असे कौतुकाने दाखवले. एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात त्या तापल्या, लांबीला वाढल्या, आणि सरकायला जागा नसल्यामुळे मधोमध उचलून कमानीसारख्या उभ्या राहिल्या. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, तर हा माल उष्णतेने लांबीत वाढतो. तीन मीटरच्या पट्टीत हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पुढे दिवाळीत भाच्याच्या भुईचक्राने एका पट्टीवर काळे वर्तुळ उमटवले. लाकूड असते तर पॉलिश पेपरने घासून काढता आले असते. येथे ते वर्तुळ अजून तसेच आहे आणि त्यावर आम्ही कुंडी ठेवली आहे.

तेव्हा घ्यायचे तर नीट पाहून घ्यावे. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा बारीक भुसा मिसळून साच्यातून काढलेली ही पट्टी असते. स्वयंपाकघरातल्या कपाटांना वापरतात त्या हलक्या पांढऱ्या बोर्डालाही दुकानात डब्ल्यूपीसीच म्हणतात. तो बाहेर टाकायचा माल नव्हे. बाहेरच्या पट्टीचे कापलेले टोक दाखवायला सांगा: ती आतून भरीव हवी, पोकळ नको, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे वेगळे आवरण सर्व बाजूंनी चढवलेले हवे. आवरण नसेल तर वरच्या थरातला भुसा पाणी पितो आणि आपल्याकडच्या सलग झडीत काळे ठिपके धरतो. रंग मात्र फिकट घ्या, वाळूसारखा किंवा राखी. तुम्हाला गडद तपकिरी आवडणार, कारण तो सागासारखा दिसतो. पण गडद पट्टी मे महिन्याच्या दुपारी तव्यासारखी तापते, आणि ज्या पायांना कूस कळत नाही त्यांना चटकाही कळत नाही. दुपारी तेथे अनवाणी जायचे नाही, हे आईने पाहावे. रबरी तळाची चप्पल दारातच ठेवा. कोल्हापुरी ओल्या फळीवर घसरते.

याहून महत्त्वाचे म्हणजे फळीखाली काय असेल. कंपोझिट एकटे माणसाचा भार पेलत नाही, त्याला खाली चौकट लागतेच, आणि ती जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, चौकोनी पाइपची करावी. दोन पाइपांमधले अंतर सोळा इंचांपेक्षा जास्त नको, एक फूट ठेवले तर अधिक चांगले. नाही तर पाऊल पडले की पट्टी दबते आणि माणसाचा तोल जातो. सुतार किंवा फॅब्रिकेटर चौकट पक्की करण्यासाठी स्लॅबला भोके पाडू म्हणेल, त्याला ठाम नकार द्या. दादाने दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंग करून घेतले तेव्हा कुठे देवघरावरची गळती थांबली. एका भोकाने ती परत यायची. चौकट रबरी गाद्यांवर नुसती ठेवता येते, तिच्या वजनाने ती हलत नाही. पाइप उताराच्या दिशेने लावावेत, आडवे लावले तर प्रत्येक पाइपमागे पाणी तुंबेल. पाणी जाण्याच्या तोंडावरच्या दोन पट्ट्या उचलता येतील अशा ठेवा, कारण शेजारच्या शेवग्याचा पाला तेथेच जाऊन बसतो आणि तो जूनच्या आधी काढावा लागतो. पट्ट्यांच्या टोकांना आणि भिंतीकडे फट सोडायला सांगा. किती सोडायची ते माल बनवणाऱ्याच्या कागदावर छापलेले असते. तो कागद मागून घ्या आणि काम चालू असताना हातात धरून उभे राहा. शाळेत तुम्ही पर्यवेक्षणाला जसे उभे राहत होता तसे.

आई, तुझ्या मिरच्यांना धक्का लागणार नाही. पूर्वेकडची फरशी आहे तशीच ठेवायची, म्हणजे एप्रिलात संकेश्वरी आणि ब्याडगी नेहमीच्या जागी वाळतील. पट्ट्यांवर चटणीचे तेल सांडले तर मात्र लगेच साबणाने पुसायचे. मुरले की डाग राहतो. पावसाळ्यात शेवाळ यांच्यावरही धरते, हे लक्षात ठेव. विक्रेते "काहीच करावे लागत नाही" म्हणतात ते खरे नाही. महिन्यातून एकदा साध्या ब्रशने घासायला कामवाल्या मावशींना सांग आणि त्याचे पैसे वेगळे दे.

तुळयांचे काय करावे, हेही मी योजले आहे. जिन्याच्या खोलीच्या छपराखाली पाऊस येत नाही. तेथे त्या तुळयांचा एक रुंद बाक करावा, पाठ टेकता येईल असा. त्याला फारसे चिरावे लागणार नाही, खाचा आहेत तशा दिसू द्याव्यात. पेपर वाचायला तुम्ही तेथे बसाल, आणि हात लागेल तो आजोबांच्याच लाकडाला.

खर्चाचे मी आणि दादा पाहतो. त्यावर फोनवर चर्चा नको. मला फक्त मापे हवीत. आई, तुझ्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेऊ नकोस, ती पाच फुटांचीच आहे. बाबांची स्टीलची घ्या. आणि उतार नेमका कोणत्या बाजूला आहे ते पाणी ओतून पाहा. बाबा, त्यासाठी बादली उचलून वर नेऊ नका, टाकीच्या नळाला पाइप लावा.

तुमची,
धाकटी