फ्लाइट डिस्पॅचरना अधिकार द्या, आणि त्या अधिकाराला शोभेल असे वेतनही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत हवाई क्षेत्रावरचे लेख नेमाने येतात. त्यांत वैमानिक, केबिन क्रू, विमान देखभाल अभियंता आणि अलीकडे ड्रोनचालक यांची सविस्तर माहिती असते. उड्डाणाचा मार्ग आणि इंधन जमिनीवरून ठरवणाऱ्या फ्लाइट डिस्पॅचरचा उल्लेख झालाच, तर तो ‘ग्राउंड स्टाफ’ या शीर्षकाखाली एका ओळीत उरकला जातो. मुंबईतील एका विमान कंपनीच्या संचालन नियंत्रण कक्षात हेच काम करून मी निवृत्त झाले आहे. या पदाला पगार आणि मान दोन्ही कमी का मिळतात, आणि त्यावर उपाय कोठून सुरू व्हायला हवा, याविषयी मला थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम कामाविषयी. उड्डाणाच्या काही तास आधी डिस्पॅचर मार्गावरचे वारे, उतरण्याच्या ठिकाणचा हवामान अंदाज, बंद धावपट्ट्यांच्या आणि बिघडलेल्या उपकरणांच्या सूचना (ज्यांना आम्ही नोटॅम म्हणतो), विमानातील दुरुस्ती पुढे ढकललेले दोष आणि प्रवासी व मालाचे वजन हे सर्व पाहून मार्ग, उंची आणि इंधन ठरवतो. इंधनाचा हिशेब अनेक पदरी असतो. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्याचे, प्रत्यक्ष प्रवासाचे, अनपेक्षित अडचणींसाठी साधारणपणे प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, उतरण्याच्या ठिकाणाहून पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि सर्वांत शेवटी जेट विमानासाठी ३० मिनिटांचे राखीव, ज्याला हात लावण्याची वेळ येणे हीच आणीबाणी समजली जाते. एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो जादा इंधन किती घ्यावे याचा. ते वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते, त्यामुळे प्रत्येक टनाचा जाब व्यवस्थापन विचारते. आणि ते घेतले नाही, तर पावसाळी रात्री वैमानिकाच्या हाती फारसे पर्याय उरत नाहीत.

मुंबईच्या पावसाळ्यात याचा अर्थ विशेष कळतो. आपल्या विमानतळाच्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. जुलैत ढग खाली आले आणि दोन-तीन विमानांना उतरता न आल्याने पुन्हा वर जावे लागले, की आकाशात रांग लागते. अशा वेळी पर्यायी विमानतळ म्हणून सगळ्यांनीच अहमदाबाद लिहिलेले असेल, तर तेथे उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून शहाणा डिस्पॅचर नागपूर किंवा हैदराबाद धरून इंधन भरतो आणि त्या जादा इंधनासाठी दुसऱ्या दिवशी बोलणीही खातो. १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान पावसात मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांतली वेळापत्रके सांभाळली कोणी, असा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दोन्ही विमानतळ बहुधा एकाच पावसाच्या ढगाखाली असतात, त्यामुळे पावसाळ्यापुरता हा प्रश्न सुटला असे समजू नये.

विमान सुटले की डिस्पॅचरचे काम संपते, हाही गैरसमज आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केले तेव्हा, किंवा त्याच वर्षी १३ जूनला इराणचे आकाश बंद झाले तेव्हा, हवेत असलेल्या विमानांना कोणता देश ओलांडता येईल, कोठे इंधन घेता येईल आणि तोपर्यंत वैमानिकांच्या कामाचे तास संपतील काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जमिनीवर बसलेल्या डिस्पॅचरांनी शोधली. संगणक मार्ग काढून देतो हे खरे. पण दिलेला मार्ग स्वीकारायचा की नाही, हे तो ठरवत नाही.

आता मानाविषयी, कारण पगाराचा प्रश्न त्यातूनच निघतो. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे निघालेले एक प्रवासी विमान धुके आणि संपत आलेले इंधन यांच्या कात्रीत सापडून मिसुरी राज्यात कोसळले आणि त्यात ब्रॉन्सन कटिंग हे सिनेटर मरण पावले. त्यानंतरच्या चौकश्या आणि वादांची परिणती १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यात झाली. आज तेथे नियमित प्रवासी सेवेच्या विमानाचे नियोजन, विलंब आणि उड्डाणाची परवानगी यांना कॅप्टन आणि डिस्पॅचर कायद्याने संयुक्तपणे जबाबदार असतात. उड्डाण सुरक्षित होईल अशी दोघांचीही खात्री असल्याशिवाय कागदावर सह्या होत नाहीत. डिस्पॅचरचा परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर असतो, त्यासाठी वयाची २३ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि सलग १० तासांहून अधिक काळाची पाळी त्याला लावता येत नाही. तेथील मोठ्या कंपन्यांत अनुभवी डिस्पॅचरना उत्तम वेतन मिळते, ते मालकांच्या औदार्याने नव्हे. त्यांच्या सहीवाचून विमान सुटू शकत नाही आणि त्यांच्या स्वतंत्र कामगार संघटना ही गोष्ट वाटाघाटीत विसरू देत नाहीत. लहान प्रादेशिक कंपन्यांत मात्र तेथेही सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सहीमागे अधिकार नसेल तर काय होते, याचे उदाहरण २८ नोव्हेंबर २०१६ चे आहे. ब्राझीलच्या शापेकोएन्से या फुटबॉल संघाला घेऊन बोलिव्हियातून कोलंबियातील मेडेयीनकडे निघालेल्या विमानाच्या आराखड्यात उड्डाणाची वेळ ४ तास २२ मिनिटे आणि इंधन पुरण्याची वेळही ४ तास २२ मिनिटेच लिहिलेली होती. विमानतळावरील अधिकारी महिलेने त्यावर आक्षेप घेतल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. कंपनीच्या डिस्पॅचरने तो आराखडा तसाच सादर केला. विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीचा भागीदारही होता. ७७ पैकी ७१ जण दगावले आणि विमानात असलेला तो डिस्पॅचरही त्यांत होता. तो मनुष्य अडाणी होता असे मला वाटत नाही. मालकाला नकार देण्याची सोय त्याच्या पदात नव्हती, एवढेच मला त्यात दिसते.

आपल्याकडे डिस्पॅचर होण्यासाठी कंपनीने प्रशिक्षण देऊन नाव पुढे करावे लागते आणि मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता मिळते. वैमानिकाला असतो तसा स्वतःच्या खिशात ठेवायचा परवाना त्याला नसतो. मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. अशा वेळी परवानाधारक वैमानिकापेक्षा डिस्पॅचरची बाजू किती लंगडी असते, हे अंधेरी-मरोळ भागात राहणाऱ्या अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. त्यातच मोठ्या कंपन्यांचे नियंत्रण कक्ष आता गुरुग्रामला आहेत. डोंबिवलीच्या किंवा पनवेलच्या मुलाने किंवा मुलीने सुरुवातीच्या पगारात तेथे घर करायचे म्हटले, तर महिन्याच्या शेवटी हाती काय उरते, याचा हिशेब इंधनाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. ‘नोकरीची हमी’ देऊन लाखो रुपये घेणाऱ्या खासगी संस्था हा भाग सांगत नाहीत. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी संस्थेला एवढेच विचारावे, की प्रमाणपत्रानंतर कोणती विमान कंपनी मुलाचे नाव महासंचालनालयाकडे पाठवणार आहे.

वैमानिकाइतका पगार द्या, अशी मागणी येथे कोणी करीत नाही. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च मोठा असतो आणि विमानात तोच बसलेला असतो. परंतु विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सहसा सर्वांत मोठा असतो, आणि त्या खर्चाचा दररोजचा निर्णय जो घेतो, त्याची वेतनश्रेणी कारकुनी कामाच्या जवळपास ठेवणे हा व्यवहार म्हणूनही शहाणपणाचा नाही. मी जेथे काम केले तेथे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या खोलीला खिडकी नव्हती. हा तपशील क्षुल्लक आहे, पण आमची जागा कोठे आहे हे त्यावरून आम्हाला रोज कळत असे.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांच्या निमित्ताने हजारो उड्डाणे रद्द झाली आणि थकवा हा शब्द घराघरांत पोहोचला. त्या आठवड्यात रात्रपाळीत बसून रद्द उड्डाणांची नवी गणिते मांडणाऱ्यांच्या विश्रांतीविषयी मात्र एक ओळही माझ्या वाचनात आली नाही.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. त्याखालचे नियम घडवताना महासंचालनालयाने डिस्पॅचरला व्यक्तिगत, कंपनी बदलली तरी टिकणारा परवाना द्यावा, उड्डाणाच्या निर्णयात त्याची जबाबदारी आणि नकाराधिकार कॅप्टनच्या बरोबरीने लिहावा, एका पाळीत एकाने किती उड्डाणे सांभाळावीत याची मर्यादा ठरवावी आणि त्याच्या विश्रांतीच्या तासांची तपासणी वैमानिकांइतक्याच काटेकोरपणे करावी. जादा इंधन घेतल्याबद्दल कोणाच्या वार्षिक मूल्यमापनात शेरा मारला जाणार नाही, हेही लेखी हवे. वेतनश्रेणी कंपन्यांनीच ठरवायची आहे. निदान भरतीच्या जाहिरातीत ती छापावी आणि दहा वर्षांनंतर हा कर्मचारी कोणत्या पदावर, किती पगारावर असेल, हे त्याच जाहिरातीत सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई