मा. उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र: सॉफ्टवेअरच्या आधी रजिस्टर उघडायला लावा

मा. मंत्रीसाहेब, नमस्कार.

कारखाने डिजिटल करा, डेटा वापरा असं सगळीकडून ऐकू येतंय आणि ते बरोबरच आहे, पण पॅकिंग लाइनवर बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं की आमच्याकडे डेटा कमी नाहीये, तो बघणारं माणूस कमी आहे.

आम्ही डिटर्जंट पावडरची २०० ग्रॅमची पाकिटं भरायचो. वजन कमी भरलं तर माल परत येईल या धास्तीने मशीन कायम २०४ वर लावलेलं. पाकिटामागे ४ ग्रॅम फुकट, म्हणजे दिवसाला ५०,००० पाकिटं धरली तर २०० किलो पावडर. दर अर्ध्या तासाला पाच पाकिटांचं वजन रजिस्टरमध्ये लिहिलं जायचं, पण रजिस्टर भरलं की थेट कपाटात. एकदा एका सुपरवायझरने ते आकडे ग्राफ पेपरवर मांडले तर रेघ अगदी करवतीच्या दात्यांसारखी, हॉपर (मशीनवरची पावडरची टाकी) भरला की वजन वर आणि रिकामा होत आला की खाली! मग हॉपर अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही एवढंच ठरवलं आणि सेटिंग २०१.५ वर आणता आलं. नवीन काहीच विकत घेतलं नाही.

हे काही नवं शास्त्र नाही, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्युहार्ट यांनी कंट्रोल चार्ट, म्हणजे असे आकडे ग्राफवर मांडून गडबड ओळखायचा तक्ता, मांडला १९२४ साली.

डाउनटाइमचंही तेच. लाइन थांबली की कारण लिहायचं ‘इतर’, आणि मग महिनाअखेरीला ‘इतर’च सगळ्यात मोठं निघतं, त्याचं विश्लेषण काय डोंबल करणार? शिवाय मशीन ९० टक्के वेळ चालू, स्पीड ९० टक्के, चांगला माल ९५ टक्के, तिन्ही आकडे सुटे बघून सगळे खूश, पण गुणाकार केला की पूर्ण क्षमतेच्या मानाने चांगल्या मालाचा खरा हिशोब ७७ टक्क्यांवर येतो.

म्हणून साहेब, कारखाने डिजिटल करायला अनुदान द्याल तेव्हा त्यातला ठरावीक वाटा ऑपरेटर आणि सुपरवायझरच्या ट्रेनिंगसाठीच ठेवा, तेही कामाच्या वेळेत, शिफ्ट संपल्यावर थकलेल्या माणसाला बसवून नाही. आणि शेवटचा हप्ता सोडताना स्क्रीन बसवली का एवढंच तपासू नका, आकडे बघून लाइनवर कोणता बदल केला ते विचारा, आणि उत्तर मॅनेजरकडून नको, मशीनवर उभ्या असलेल्या माणसाकडून घ्या.

आपला,
पॅकिंग लाइनवरचा एक कर्मचारी