रविवारची बैठक: विषय बायर्ड रस्टिन
मंडळी, रविवारी सकाळी साडेदहाला नेहमीच्या जागी जमायचंय, विसरू नका हं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, जवळपास अडीच लाख माणसं, त्याचं सगळं नियोजन या माणसानं केलं पण गे आहे म्हणून कायम पडद्यामागेच ठेवलं त्याला. गांधीजींचे मार्ग समजून घ्यायला १९४८ ला भारतातही येऊन गेलेला. १९८७ ला वारला आणि प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम (अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान) मिळालं २०१३ ला, २६ वर्षांनी, ते ओबामांच्या हातून घेतलं त्याचा जोडीदार वॉल्टर नेगल यांनी. आणि समलिंगी संबंधांवरून झालेली १९५३ ची शिक्षा कॅलिफोर्नियानं माफ केली ती थेट २०२० मध्ये, केवढी ती घाई! येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, चहाचा अंदाज लागतो.