खांदेरीच्या दीपगृहावरच्या दादांना, आप्पांच्या चष्म्यासाठी

दादा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, बोट सुटायची घाई होती, म्हणून हे असं उघड लिहितोय. अमळनेरकडचे ते दोघं बापलेक आठवतात का, ज्यातला म्हातारा भुसावळला रेल्वेत पॉइंट्समन होता? तेच आम्ही.

आप्पांनी आयुष्यभर रात्रीबेरात्री गाड्यांना हातबत्ती दाखवली, लाल हिरवी. जहाजाला बत्ती कशी दाखवतात हे एकदा बघायचं, एवढीच हौस. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, समुद्र कुठला! आधी एका ठिकाणी गेलो होतो तर तिथल्या साहेबांनी वर न बघताच "आजोबांना खालीच बसवा" म्हणून सांगितलं, आणि टूरवाल्याने ॲडव्हान्स घेऊन फोन उचलणं बंद केलं ते वेगळंच. जाऊ द्या.

अलिबागजवळच्या थळहून बोटीने खांदेरी बेटावर येताना खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून आप्पांचा चष्मा पांढरा झालेला. शर्टाला पुसून पुसून अजूनच खराब, आणि माझं लक्ष फोटोत. तुम्ही काही बोलला नाहीत, चष्मा हातात घेतला, गोड्या पाण्याने धुतला आणि भिंग पुसायचं ते मऊ कापड काढून त्याने पुसला, म्हणालात "खारं बसलं की आमच्या दिव्यालाही दिसत नाही". आप्पा कानावर दांड्या नीट बसवत म्हणाले, "आते चांगलं दखास रे भो". मला रडूच आलं हो, खोटं कशाला सांगू.

मग तुम्ही दोघं जे बोलत बसलात! दिवा इवलासा, पण भोवतीच्या काचेच्या कड्या त्याचा उजेड गोळा करून लांब फेकतात, ही फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाची युक्ती, १८२३ मध्ये फ्रान्सच्या एका दीपगृहात पहिल्यांदा बसवली. आणि प्रत्येक दीपगृहाचा लुकलुकण्याचा हिशोब वेगळा, खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. आप्पांना हे फार पटलं, "आमच्यात रंग बोलतो, यांच्यात टायमिंग". जीपीएस आलं तरी दिवा कशाला, हे मी विचारलं तर तुमच्याआधी आप्पाच बोलले, "मशीन बंद पडलं तर?"

१६७९ साली महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जिथे किल्ला बांधायला घेतला, तिथे १८६७ पासून दिवा आहे, आणि तो सांभाळणारा माणूस कुणाचा चष्मा धुवून देतो. खुर्चीबरोबर माणुसकी मिळत नाही, ती ज्याची त्यालाच आणावी लागते, हे त्या "खालीच बसवा"वाल्यांना कोणी सांगावं.

तुम्ही सांगितलं तसं संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावर थांबलो. आप्पा मोठ्याने आकडे मोजत होते, कोळ्यांची पोरं हसत होती.

थंडीत या आमच्याकडे, भरीत आणि कळण्याची भाकरी खायला. आप्पा रोज गच्चीवर बसून मोबाईल टॉवरचा लाल दिवा मोजतात, आणि याचं टायमिंग चुकतंय म्हणून कुरकुर करतात.